हाताखालचे शिक्षण : महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या निमित्ताने

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एक स्तंभ आहे. त्याच्यावर कोणा राजाचा किंवा पुढाऱ्याचा पुतळा नाही, सिनेमाचा कॅमेरा आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी तो उभारलेला आहे. रोज हजारो माणसे तिथून जातात. शाळेच्या सहलीत आपण मुलांना अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि नवा राजवाडा दाखवतो; या स्तंभापाशी मात्र सहसा थांबत नाही. थांबलो तर मुलांपुढे एक चांगला प्रश्न ठेवता येईल. या कंपनीतून व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर असे लोक बाहेर पडले आणि त्यांनी हिंदुस्थानच्या चित्रपटाला वळण लावले. ही माणसे हे सारे शिकली कुठे?

शाळेत नक्कीच नाही. चित्रपट शिकवणारी जगातली पहिली शाळा मॉस्कोत १९१९ साली निघाली. आपल्याकडे तशी संस्था निघायला १९६० साल उजाडले. म्हणजे कोल्हापुरातली ही मंडळी कामावरच शिकली, एकमेकांच्या हाताखाली. आज मोठ्या कारखान्यांतून 'कर्मचारी प्रशिक्षण' असा स्वतंत्र विभाग असतो, त्याचे अधिकारी असतात, वर्षाचे वेळापत्रक असते. यातले काहीच नसताना शिकणे एवढे चांगले कसे झाले, हे पाहण्याजोगे आहे. ते पुढे कुठे अडले, हेही पाहायला हवे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. चित्रकला किंवा शिल्पकला ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. थोरले चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पडदे इतके नावाजले की 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना चलच्चित्राने झपाटले. फाळक्यांनी आदल्याच वर्षी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या दोघांना ते परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला, त्याची रचना अभ्यासली आणि कॅमेरा स्वतःच करायचा ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. आपले शिष्य दामले यांना हाताशी घेऊन १९१८ च्या सुमारास त्यांनी चालता कॅमेरा उभा केला.

हे काम किती अवघड होते याचा अंदाज वर्गात साध्या गणिताने करता येतो. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. दांडा सेकंदाला दोन वेळा फिरवायचा आणि एका फेऱ्यात आठ चित्रे घ्यायची, म्हणजे सेकंदाला सोळा. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राची जागा सुमारे १९ मिलिमीटर लांब असते. सोळा चित्रांना जवळजवळ बरोबर एक फूट फिल्म लागते. ही फिल्म नळातल्या पाण्यासारखी सरळ वाहून चालत नाही. एक नखी फिल्मच्या भोकांत शिरते, फिल्म १९ मिलिमीटर खाली ओढते आणि मागे सरते. फिल्म थांबली की पुढची फिरती चकती उघडते, प्रकाश आत येतो, चकती मिटते आणि नखी पुन्हा पुढे येते. चकती अर्धी उघडी असेल, तर फिल्मला सरकायला सेकंदाचा बत्तिसावा भाग मिळतो आणि स्थिर राहायलाही तेवढाच.

आता चूक किती चालेल? फिल्मवरचे चित्र जेमतेम १८ मिलिमीटर उंच. तीन मीटर उंचीच्या पडद्यावर ते सुमारे १६७ पट मोठे होते. नखीच्या खाचेत एक दशांश मिलिमीटरचा ढिलेपणा राहिला, तर पडद्यावरचा श्रीकृष्ण सेकंदात सोळा वेळा सुमारे १७ मिलिमीटर वरखाली थरथरणार. कानस हातात घेऊन ही सूक्ष्मता गाठायची, तीही हातात नकाशा नसताना. बाबूराव आणि दामले यांना कॅमेऱ्याचा कण न् कण माहीत झाला तो यामुळे. विकत आणलेले यंत्र बिघडले की त्याच्या जाणकाराची वाट पाहावी लागते. यांचे यंत्र बिघडले तर काय बिघडले हे त्यांना ठाऊक असणारच, कारण जुळवताना ते शेकडो वेळा बिघडले असणार.

मला या गोष्टीत एक मोठी जमेची बाजू दिसते, ती म्हणजे गुरूलाही येत नव्हते. दामले बाबूरावांचे शिष्य खरे, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत दोघेही एकाच पायरीवर. माहीतगार गुरू उत्तर सांगून मोकळा होतो; ज्याला माहीत नाही त्याला शिष्यासमोर चुकावे लागते, विचार उघडा करावा लागतो. शिकणाऱ्याला ही फार दुर्मिळ मेजवानी असते. आपण शिक्षक फळ्यावर गणित सोडवतो तेव्हा घरून सोडवून आलेलो असतो. मुलांना उत्तर दिसते, धडपड दिसत नाही.

कंपनी उभी राहिली ती स्थानिक सरदार-दरकदारांच्या आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या पैशाच्या मदतीने. पहिला मोठा चित्रपट 'सैरंध्री', १९२० चा. त्यात द्रौपदीचे काम बाईनेच केले होते. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. पुढे 'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) आले. 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्रीचे प्रसंग घेतले गेले, आणि आपल्याकडचा तो पहिला प्रयोग मानला जातो. या चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपला विषय पडद्यामागचा आहे.

कंपनीत कामाची वाटणी होती, पण भिंती नव्हत्या. चित्रकार सकाळी देखावा रंगवी, दुपारी चित्रीकरणाला उभा राही आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला हात लावी. हा योगायोगाने झालेला मोठा फायदा होता. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. चित्रकाराच्या डोळ्याला लालभडक वस्त्र उठून दिसते, पण त्या फिल्मवर ते काळेठिक्कर पडे. निळे आकाश उलट पांढरेफटक येई. कपाळावरचे कुंकू म्हणजे काळा ठिपका. नाटकाचे पडदे रंगवण्यात हयात गेलेल्या हातांना आता फिल्मच्या डोळ्याने पाहायला शिकायचे होते. रंगवणारा आणि फिल्म धुणारा जर दोन वेगळ्या इमारतींत बसत असते, तर ही गोष्ट एकमेकांना चिठ्ठ्या लिहून कळवावी लागली असती. इथे सकाळी रंगवलेले रात्री त्याच माणसाला दिसे. आणि फिल्म तांबड्याला आंधळी असल्यामुळेच तांबड्या दिव्यात ती धुता येई. चित्र हळूहळू उमटताना नुसत्या डोळ्यांनी दिसे. पुरे झाले की आणखी ठेवायचे, हे त्या क्षणी ठरवावे लागे. तो क्षण पुस्तकात लिहिता येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून, त्याने फिल्म उचलली त्या वेळी ती कशी दिसत होती हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

बाबूरावांची आणखी एक सवय इथे उपयोगी पडली. प्रसंग कसा घ्यायचा, पात्र कसे उभे राहील, वेशभूषा कशी असेल, हे ते आधी रेखाटून ठेवीत. आपल्या वाट्याला आलेला खिळा कशासाठी ठोकायचा आहे, हे ते चित्र पाहणाऱ्या हरकाम्या पोऱ्यालाही कळणार.

असा एक पोऱ्या १९२० साली कंपनीत आला. शांताराम राजाराम वणकुद्रे. वय एकोणीस. त्याआधी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी झाली होती. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आणि एका पत्र्याच्या सिनेमागृहातही काम करून झाले होते. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांनी त्याला इथे चिकटवले. सुरुवातीला पडेल ते काम: उचलणे, झाडणे, रंग कालवणे, प्रयोगशाळेत मदत. १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये तो श्रीकृष्ण झाला, 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी झाला आणि १९२७ च्या 'नेताजी पालकर'च्या दिग्दर्शनात त्याचा वाटा होता. सात वर्षांत झाडूपासून दिग्दर्शनापर्यंत. हुशारी त्याची स्वतःची होती, यात वाद नाही. पण हुबळीच्या वर्कशॉपमध्ये तीच हुशारी काय करू शकली असती?

या प्रश्नावर मानववंशशास्त्राच्या एका अभ्यासकाने चांगला प्रकाश टाकला आहे. जीन लेव्ह या अमेरिकन संशोधिका १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या मनरोव्हिया शहरात शिंप्यांच्या दुकानांतून बसत. तिथे उमेदवार पोरे कपडा कसा शिवायला शिकतात, हे त्यांना पाहायचे होते. कपडा करण्याचा क्रम आपल्याला माहीत आहे: आधी बेतणे, मग शिवणे, शेवटी काजे-बटणे आणि इस्त्री. शिकण्याचा क्रम मात्र बरोबर उलटा निघाला. पोरगा आधी इस्त्री करतो, बटणे लावतो. मग शिवण. कापडाला कात्री लावायला मिळते ती सर्वांत शेवटी. यात शहाणपण आहे. बटण चुकले तर उसवून पुन्हा लावता येते. कात्री चुकली तर कापड गेले. शिवाय इस्त्री करता करता अख्खा कपडा रोज हातांखालून जातो, त्याचे भाग कसे जुळतात ते समजते. हा क्रम कोणी अभ्यासक्रम म्हणून लिहून काढलेला नव्हता.

लेव्ह आणि एत्येन वेंगर यांनी १९९१ साली या विषयावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात याच्या उलट उदाहरणही आहे, आणि मला ते जास्त बोलके वाटते. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये मांस कापण्याचे काम शिकणाऱ्या उमेदवारांचे ते आहे. त्यांना मांस कागदात गुंडाळण्याच्या यंत्रावर बसवीत आणि कसबी कारागीर दुसऱ्या खोलीत कापीत. गुंडाळण्याचे काम पोरे झटपट शिकली आणि तिथेच राहिली, कारण कापणे त्यांना दिसतच नव्हते. त्यांना कोणी वाईट शिकवले असे नाही. ती उभी होती ती जागा चुकीची होती. इस्त्री करणारा पोरगा आणि गुंडाळणारा पोरगा, दोघेही शेवटचे, हलके काम करतात. एक पुढे जातो, दुसरा अडकतो. फरक पडतो तो मध्ये भिंत असल्या-नसल्यामुळे.

कारखान्यातल्या शिक्षणाची दुसरी एक परंपराही आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो नवख्या स्त्री-पुरुषांना थोडक्या दिवसांत कामाला लावायचे होते. त्यासाठी १९४० ते १९४५ या काळात सरकारी योजनेतून मुकादमांना शिकवण्याची एक पद्धत शिकवली गेली: शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. पुढे ती जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कारखान्यांत रुजली. एक ठरावीक कृती बिनचूक शिकवायला यापेक्षा सोपी रीत सापडणे कठीण. पण फिल्म केव्हा उचलायची, हे या चार पायऱ्यांत पूर्ण बसत नाही. पायऱ्या हव्यातच, त्यांच्या शेजारी उभे राहायला जागाही हवी.

आता कोल्हापुरातल्या गोष्टीची कडू बाजू. १९२८ साली दामले आणि फत्तेलाल यांनी कंपनीसाठी 'कर्ण' दिग्दर्शित केला. म्हणजे हाताखालची माणसे आता हाताबाहेर वाढली होती. बाबूराव थोर कलावंत, पण मनासारखे होईपर्यंत काम हातावेगळे न करणारे. कंपनी एकाच माणसाभोवती बांधलेली होती, आणि तयार झालेल्या माणसांना तिथे वरची जागा नव्हती. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर सावरली नाही आणि बोलपटाच्या लाटेत बंद पडली. शिष्यांना कृतघ्न म्हणणारे तेव्हाही असतील, आजही भेटतात. मला तसे म्हणवत नाही. बाबूरावांनी हातचे राखून शिकवले असते तर कंपनी कदाचित टिकली असती, पण मग सांगण्यासारखे काही उरलेही नसते. शिकवण्यात ते उदार होते. शिकलेल्यांना सामावून घेण्याची व्यवस्था मात्र कंपनीत नव्हती. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजही पुष्कळ मालक पहिली टाळतात, ती दुसरी जमणार नाही या भीतीने. "शिकवला की पळाला," हे वाक्य औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवरही ऐकू येते.

प्रभातची खरी परीक्षा बोलपटाने घेतली. आवाजाबरोबर चित्रांचा वेग सेकंदाला चोवीसवर बांधला गेला आणि कॅमेरा विजेच्या मोटरवर आला. मनात गाण्याची चाल धरून दांडा एका लयीत फिरवण्याचे कसब होते, वर्षानुवर्षे मनगटात मुरवलेले. ते एका हंगामात निरुपयोगी झाले. कॅमेऱ्याची घरघर पूर्वी कोणाला खुपत नव्हती, आता तीच सगळ्यात मोठा शत्रू झाली. कंपनीतला प्रत्येक जण पुन्हा नवशिका झाला. बाबूरावांना बोलपटाची ओढ नव्हती. आवाजाने चित्राची भाषा बिघडेल असे त्यांना वाटे, आणि त्यात काही तथ्य होते. दामले मात्र चाळिशीच्या उंबरठ्यावर ध्वनिमुद्रण शिकायला बसले. पडदे रंगवणारा, कॅमेरा घडवणारा हा माणूस प्रभातचा ध्वनिमुद्रक झाला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चा आवाज आपण आज ऐकतो त्यामागे हे दुसऱ्यांदा नवशिके होणे आहे. चार वर्षांनी दामले-फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

चाळिशीतल्या कारागिराला पुन्हा पहिल्या बाकावर बसवणे, ही प्रशिक्षणाच्या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणतात. दामल्यांना ती जमली याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे कंपनी त्यांची स्वतःची होती. चुकल्यास नोकरी जाण्याचे भय नव्हते. दुसरे, त्यांची तरुणपणीची उमेदवारीच न येणाऱ्या गोष्टीवर झाली होती. चोरबाजारातला प्रोजेक्टर उघडून बसलेल्याला नवे यंत्र उघडायची भीती कशाला वाटेल?

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. पुढे ती मोठी झाली, फुटली आणि बंद पडली. १९६० साली तिच्याच जागेत सरकारी चित्रपट संस्था सुरू झाली. जिथे माणसे काम करता करता शिकत, तिथे आता प्रवेश परीक्षा, वर्ग आणि पदविका आल्या. हे चांगलेच झाले, कारण हाताखाली शिकण्याला ओळख लागते. शांतारामला मावसभाऊ होता. ज्याला मावसभाऊ नव्हता त्याचे काय? आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडद्यावर बायका आल्या, तरी कॅमेऱ्याच्या मागे त्यांना कोणी उभे केले नाही. शाळेचे दार निदान कागदावर तरी सर्वांना उघडे असते.

हे सगळे डोक्यात येण्याचे कारण वेगळेच होते. काही वर्षांपूर्वी नववीचा एक वर्ग घेऊन मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत गेलो होतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फाउंड्र्या पुष्कळ आहेत आणि आमच्या वर्गातली अनेक मुले पुढे तिथेच कामाला जातात. नव्या पोराला आधी कास्टिंग साफ करायला देतात: चिकटलेली वाळू काढायची, कडा घासायच्या. मनरोव्हियाच्या इस्त्रीसारखेच हे शेवटचे काम. ते करताना कास्टिंगमधली भोके, तडे, कच्च्या जागा सगळ्या हाताला लागतात. पण त्या कारखान्यात सफाईची शेड वेगळी होती, ठेकेदाराची. पोरांना भोक दिसत होते. वाळूत ओल जास्त राहिली की वाफ होऊन भोक पडते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. साचे करणारा वयस्क कारागीर मुठीत वाळू दाबून, तो मुटका मोडून ओल ओळखत होता. शंभर पावलांवर. त्याला मी विचारले, ती पोरे इकडे येतात का? तो म्हणाला, "त्यांचं काम तिकडं हाय, मास्तर."

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे घालवण्याची सूचना आहे. ज्या शाळा ते करतील त्यांच्या मुख्याध्यापकांना फॉर्म भरावे लागतील, हजेरी आणि फोटो लागतील. आमच्या शाळेचा पहिला आराखडा तयार झाला तेव्हा त्यात मुलांची नावे होती, कारागिरांची नावे होती, तारखा होत्या. मूल तिथे कुठे उभे राहील, असा रकाना नव्हता. तो आम्ही पेन्सिलीने आखला, आणि सुतार, कुंभार, गॅरेजवाले यांच्याकडे जाऊन भरायला लागलो. गॅरेजवाल्याला प्रश्न चटकन कळला. "माझ्या डाव्या हाताला," तो म्हणाला, "उजवीकडून पान्याचा हात फिरतो."